परतलेला पाऊस

पेण व रोहा येथील पावसाच्या एकूण बेरजेची रेषा आमच्या एका विद्यार्थ्याने काढून आणिली. आषाढात नोंदी रोजच्या. पुढे पंधरवड्यास एखादी. जहाजे आखणाऱ्यांच्या लवचीक पट्टीवरून शोएनबर्ग यांनी 1946 साली गणितात आणिलेली ही ‘स्प्लाइन’ प्रत्येक नोंदीतून जाते खरी. पण आषाढातील चढाच्या ओघात ती विरळ जागी फुगली आणि मग खाली वळली. म्हणजे पडलेला पाऊस आभाळात परतला! याचे हसू तरी येते. परंतु कुंडलिकेच्या पुराची उंची तिने अशीच चुकीची, तरी पटण्याजोगी दाखविली, तर त्या भरवशावर रोह्यातील एखादा गृहस्थ घराचे जोते ठेंगणे बांधून बसेल. अकिमा यांच्या 1970 च्या रीतीने फुगवटा पुष्कळ कमी होतो. न घेतलेल्या नोंदी मात्र मिळत नाहीत. मधली रेषा तुटक काढावयास आम्ही त्यास सांगितले.