बांध

कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा वसले आहे. मृगाच्या सरी सुरू झाल्या की गगनगड ढगांत बुडून जातो. या तालुक्यात वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात तो त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका असतो. तरीही शिरोळचे शिवार संपन्न, आणि पावसाच्या या माहेरी मात्र दारिद्र्य! असे का व्हावे?

डोंगरउताराची तांबडी जमीन पाणी धरून ठेवीत नाही. पाऊस मातीचा कस धुऊन नेतो. ते पाणी कुंभी नदीतून पंचगंगेत जाते आणि नरसोबावाडीस कृष्णेला मिळते. नरसोबावाडी शिरोळ तालुक्यातच आहे. बावड्याचा पाऊस असा शिरोळच्या उसाला लाभतो.

उतारावरच्या शेतकऱ्याला यावरचा उपाय ठाऊक असतो. दगड रचून बांध घालावा, म्हणजे माती अडेल आणि पाणी मुरेल. पण हे काम उन्हाळ्यात करावयाचे, आणि घरातील भात-नाचणीही तेव्हाच संपत आलेली असते. बांध घालीत बसावे, तर मुलांनी खावे काय? म्हणून तो मजुरीसाठी परगावी जातो. इकडे माती वाहून जाते, पुढच्या वर्षी पीक आणखी उणे येते आणि त्याला पुन्हा मजुरीची वाट धरावी लागते. गरिबीमुळे बांध होत नाही, आणि बांध नाही म्हणून गरिबी हटत नाही. अशा माणसाला आळशी म्हणणे सोपे असते. पण त्याच्याएवढे कष्ट किती जण करतात? जगातील अनेक मागासलेले प्रदेश याच फेऱ्यात सापडले आहेत. अर्थशास्त्रज्ञ त्याला दारिद्र्याचे दुष्टचक्र म्हणतात.

हे चक्र भेदता येते. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. गावाजवळच बांधबंदिस्तीसारखे काम काढावे आणि त्याची मजुरी द्यावी, ही त्यामागील कल्पना. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी असा कायदा झाला. अशा कामावर शेतकऱ्याच्या घरची चूलही पेटते आणि बांधही उभा राहतो.

बांधाआड माती साठण्यास मात्र वर्षे लागतात. एका पावसाळ्यात बोटभर थर जमला, तरी पुष्कळ झाले. पण तेवढ्या मातीत नाचणीचे रोप तग धरते, आणि परगावी निघालेला माणूस घरी थांबण्याचा विचार करू लागतो.