वाऱ्याची दिशा

धुळीपासून दूर राहण्याचे फर्मान डॉक्टरांनी काढले आणि ब्लोअर माझ्या हातातून गेला. आता तो आयटीआय करून माझ्याकडे काम शिकायला आलेल्या मुलीच्या हाती असतो, आणि मी काचेच्या दाराआड खुर्ची टाकून केवळ त्याचा आवाज ऐकतो. ज्या कामात उमेद गेली ते काम कानांनी करण्याची पाळी आली म्हणजे, हातांना जे कधी पुरते साधले नव्हते तेच मनाला अधिक छळू लागते. माझ्यापुरते ते म्हणजे संगणकातील पंखा आणि हीटसिंक यांच्या मधोमध बसणारा धुळीचा थर.

इचलकरंजीबाहेरच्या समव्यवसायी मंडळींना ही तक्रार कदाचित अतिशयोक्त वाटेल. इतर शहरांतील कचेऱ्यांची धूळ ही बहुधा कागदाची, त्वचेच्या कोंड्याची आणि रस्त्यावरच्या मातीची. ती कोरडी असते आणि मऊ ब्रश फिरवला की निमूटपणे निघते. आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि त्या मागाचा वंश जसजसा वाढत गेला तसतसे येथील हवेत सुताचे तंतू कायमचे वस्तीला आले. त्या तंतूंवर सायझिंगमध्ये चढवलेली खळ असते. माग चालू लागला की ती झडते, तंतूंच्या संगतीने उडते, आणि पंखा जी हवा आत ओढतो तिच्यासवे थेट कॅबिनेटमध्ये शिरते. आषाढात हवेला ओल सुटली की ती चिकटते, प्रोसेसरच्या उष्णतेने वाळते, रात्री यंत्र बंद झाले की पुन्हा ओलावते. असे दोन पावसाळे गेले म्हणजे पंख्याखाली ॲल्युमिनियमची पाती दिसेनाशी होतात आणि त्यांच्या जागी, एका कडेने उचलला तर अखंड हाती यावा, असा करड्या रंगाचा नमदा तयार झालेला असतो. वरून पाहणाऱ्याला पंखा उत्तम फिरताना दिसतो. यंत्र अडखळते ते व्हायरसमुळे, असे निदान होते, विंडोज नव्याने टाकले जाते, त्याचे पैसेही चुकते होतात. आणि प्रोसेसर बिचारा शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचून, जीव वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करत बसलेला असतो.

या नमद्यावर वारा मारावा तरी कोणत्या बाजूने? पंख्यावरून मारला तर ज्या वाटेने धूळ आली त्याच वाटेने आपण तिला आणखी आत रेटतो. सुटी धूळ भुरकन उडते, गिऱ्हाईक संतुष्ट होते, आणि तंतू मात्र पात्यांच्या बुडाशी अधिकच घट्ट बसतात. बाजूंनी मारला तर नमदा वर उचलला जातो खरा, परंतु वर पंख्याचे छत असल्यामुळे त्याच्या पोटाला टेकून तेथेच राहतो आणि यंत्र सुरू झाले की आपल्या जागी परत येतो. म्हणजे पंखा काढणे आले. इंटेलच्या मूळ कूलरचा पंखा प्लॅस्टिकच्या चार आकड्यांनी अडकवलेला असतो, आणि हे आकडे उष्णतेने इतके ठिसूळ होतात की नख लावताच त्यांचा 'टक्' असा आवाज येऊन छातीत धस्स होते. आकडे वाचवायचे तर अख्खा हीटसिंक उतरवावा. तो उतरवला की वाळून चुन्यासारखी झालेली पेस्ट खरवडून नवी लावणे आले, आणि मग बोर्ड वाकू न देता त्या चार पुश-पिना कर्णरेषेत दाबून बसवणे आले. पिन बसली की नाही हे अंगठ्याला कळते, डोळ्यांना नाही. माझ्या अंगठ्याला ते अलीकडे पूर्वीसारखे कळत नाही, हे येथेच सांगून टाकतो.

पंखा उतरल्यावरही वाऱ्याची घाई करू नये, या मताला मी फार उशिरा आलो. आधी चिमट्याने नमदा कडेने सोडवावा. मग पात्यांच्या फटींतून ब्रशाचे केस आडवे न जाऊ देता उभे फिरवावेत. आणि तरीही, पाती जेथे मधल्या गाभ्याला मिळतात तेथे, पिळाच्या दोऱ्यासारखे काही तंतू उरतातच. त्यांना वारा काढू शकत नाही, ब्रश पोचत नाही आणि लोखंडी टोकदार वस्तू तेथे नेण्याची माझी छाती नाही. त्यासाठी मी देवघरातील विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या जपून ठेवतो. बांबूची ती काडी वाकते पण ओरखडा काढत नाही, आणि टोकाशी किंचित चावून मऊ केली की तंतू तिला गुंडाळून बाहेर येतो. हे सगळे झाल्यावर, अगदी शेवटी, खालून वर असा वारा. तो देतानाही पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात, हे या धंद्यातल्या माणसाला सांगणे न लगे. नाही तर ब्लोअरच्या जोराने पंखा मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग दुखावते आणि फिरणारी मोटर उलट वीज निर्माण करून बोर्डाकडे धाडते.

आणि तरीही कबूल करतो, की त्या मोकळ्या सुटलेल्या पंख्याची शीळ ऐकण्याचा मोह मला आयुष्यभर पडत आला. बघ्यांना तर तीच हवी असते. पेढीवर जाऊन काम करताना मी मुद्दाम गिऱ्हाइकाला जवळ उभे करी, कॅबिनेटखाली वर्तमानपत्र अंथरी, ब्लोअर सोडी, आणि क्षणभर आम्ही दोघेही करड्या ढगात दिसेनासे होत असू. ढग ओसरल्यावर वर्तमानपत्रावर उरलेल्या ढिगाचा मी पंचनामा करावा तसा बारकाईने बोट दाखवून वृत्तांत देई. त्या ढिगावर माझी प्रतिष्ठा उभी होती. नमदा निघाला की नाही हे फक्त मला माहीत असे. ढीग सर्वांना दिसे.

आमच्या धंद्यातील इतरांबद्दल बोलू नये असा शिरस्ता आहे, पण वयाने ती मुभा मला दिली आहे असे समजून बोलतो. काही मंडळी यंत्र उचलून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेतात. त्या टाकीत हवा दाबली गेल्यामुळे साचणारे पाणी आणि कॉम्प्रेसरचे तेल नळीतून तुषाररूपाने बोर्डावर जाते, याची त्यांना फिकीर नसते, कारण परिणाम दिसायला अवकाश लागतो आणि तोवर बिल वसूल झालेले असते. काही जण एसएमपीएसचे झाकण केबल काढून लगेच उघडतात. आपल्याकडचा २३० व्होल्टचा दाब आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट होऊन बसलेला असतो आणि केबल काढली म्हणून तो तत्काळ रजा घेत नाही. नव्या धाटणीची रंगीत दिव्यांची, काचेच्या अंगाची कॅबिनेटे तर मला सोंगे वाटतात. मात्र त्यांना पुढच्या बाजूस धुता येणारी जाळी असते आणि ती सद्बुद्धी आमच्या जुन्या पत्र्याच्या पेट्यांना कधी सुचली नाही, हे मान्य करावे लागते.

तर या मुलीबद्दल. एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर तिला प्रथम सोबत नेले, तेव्हा माझा ढगाचा प्रयोग संपल्यावर ती म्हणाली, "काका, धूळ निघाली खरी, पण खोलीतच आहे ना? आता मशीन चालू केलं की परत आत." मी तिला, ब्लोअर आजवर असाच वापरला जातो, असे काहीतरी उत्तर दिले. दुसऱ्या खेपेस तिने ब्लोअरची नळी पुढच्या तोंडाची काढून मागे ओढीच्या तोंडाला लावली आणि पुढे पिशवी बांधली. मला विजय मिळाला असे वाटले, कारण या पद्धतीचा दोष मी पाठ केलेला होता: प्लॅस्टिकच्या नळीतून वेगाने धूळ जाताना तीवर स्थिर विद्युत साचते, माणसाला सुमारे तीन हजार व्होल्टखालचा झटका जाणवतही नाही, आणि चिप त्याच्या कितीतरी कमी विजेने मरते. तिने माझे सगळे ऐकून घेतले. मग नळी बोर्डापासून वीतभर दूर धरली, ब्रशाने धूळ उठवली, आणि उठलेली धूळ तेवढी हवेतल्या हवेत ओढून घेतली. नळी कशालाही टेकली नाही. खोलीत ढग झाला नाही, शीळ वाजली नाही, वर्तमानपत्र कोरे राहिले. पेढीच्या मालकांनी मला विचारले, "साफ झालं का? काही निघालेलं दिसलं नाही."

ते वाक्य मला फार दिवस पुरले. माझ्या पद्धतीपेक्षा तिची पद्धत चांगली आहे, हे मी दाराआडून ऐकता ऐकता केव्हाच मान्य केले आहे. काड्या मात्र ती माझ्याच वापरते. परंतु कोऱ्या वर्तमानपत्राचे पैसे मागणे मला जमत नाही. म्हणून पावती फाडताना मी ती पिशवी मागवून घेतो आणि गिऱ्हाइकासमोर तिचे तोंड उघडून आतला ढीग दाखवतो. माणसे थक्क होतात. मुलगी दर वेळी पिशवी रिकामी करायला निघते आणि मी काही ना काही निमित्त काढून तिला दुसऱ्या कामाला लावतो. आठवडाभराची धूळ आत असली म्हणजे ती दिसायला बरी दिसते.