तांब्याच्या मुलुखात

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी अजून तांब्याचा बंब पेटतो. न्हाणीघरात गीझर आहे. पण त्या दिवशी त्याला सुट्टी. आदल्या दिवशी चिंच लावून बंब लख्ख करण्याचे काम माझ्याकडे असते. मराठीच्या प्राध्यापकावर याहून अवघड काम सोपवू नये, असे सौभाग्यवतींचे ठाम मत आहे. इतकी वर्षे बंब घासला. पण हे तांबे येते कुठून, हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. २०२५ च्या मे महिन्यात भाच्याकडे झांबियाला जाऊन आलो, आणि तो प्रश्न कायमचा मागे लागला.

आदिस अबाबामार्गे एन्डोलाला उतरलो. बाहेर पडताच तांबडी माती दिसली आणि क्षणभर वाटले, विमानाने आपल्याला चुकून रत्नागिरीला तर आणले नाही? पण रस्त्याच्या कडेला माणसाहून उंच वारुळे, आणि कोळशाची पोती लादलेल्या सायकली ढकलीत निघालेली माणसे पाहिली, तेव्हा खात्री पटली. या भागाला कॉपरबेल्ट म्हणतात. एन्डोला, लुआन्श्या, किट्वे, मुफुलिरा, चिंगोला ही सगळी गावे तांब्यावर वाढली. भाचा किट्वेला राहतो. एका परदेशी खाणकंपनीत इंजिनियर आहे. त्याने मला पहिल्याच दिवशी बेम्बा भाषेतले ‘मुलिशानी’, म्हणजे ‘कसे आहात’, एवढे शिकवले. त्या एका शब्दाच्या भांडवलावर मी तीन आठवडे काढले.

एका रविवारी आम्ही मोटारीने चिंगोलाला निघालो. वाटेत चांबिशी लागते. भाच्याने गाडी सावकाश केली.

“मामा, फेब्रुवारीत बांध फुटला तो इकडचाच.”

कच्च्या मालातले तांबे गंधकाम्लाने विरघळवून घेतात. मागे उरलेला आम्लयुक्त गाळ बांध घालून साठवतात. १८ फेब्रुवारी २०२५ ला सायनो-मेटल्स लीच झांबिया या चिनी सरकारी मालकीच्या कंपनीचा असा एक बांध फुटला. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे पाच कोटी लिटर घाण पाणी ओढ्यांतून काफुए नदीत गेले. मासे मेले, काठची पिके गेली, सुमारे सात लाख वस्तीच्या किट्वेचे नळ बंद करावे लागले. आम्ल मारण्यासाठी सरकारने विमानांतून नदीत चुना टाकला. ही काफुए दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाहत जाऊन झांबेझीला मिळते. तिच्या खोऱ्यात निम्म्याहून अधिक झांबिया राहतो.

चिंगोलाच्या बाजारात मी एका बाईंकडून टोमॅटो घेतले. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाने त्यांना काहीतरी विचारले. भाचा म्हणाला, “तो विचारतोय, टोमॅटो कुठल्या पाण्यावरचे?” बाईंनी ‘विहिरीच्या’ असे सांगितले, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाने पिशवी पुढे केली.

चिंगोलाची न्चांगा ही जगातल्या मोठ्या उघड्या खाणींत गणली जाते. मुंबईत भंगाराच्या व्यापारापासून सुरुवात केलेल्या अनिल अग्रवाल यांच्या वेदांत कंपनीने २००४ साली या खाणीची मालक असलेली कोंकोला कॉपर माइन्स ताब्यात घेतली. २००६ साली खाणीचे दूषित पाणी नदीत गेले. सुमारे दोन हजार लोक तिथल्या न्यायालयात गेले, आणि २०११ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. पण २०१५ साली वरच्या न्यायालयाने कंपनीचा दोष कायम ठेवूनही भरपाई दिली ती फक्त बाराजणांना. कारण डॉक्टरी पुरावा तेवढ्यांचाच होता! खेड्यातला माणूस दाखला आणणार कुठून?

त्याच वर्षी आसपासच्या खेड्यांतल्या १,८२६ जणांनी लंडनमध्ये दावा लावला. कंपनी म्हणाली, खाण झांबियात, माणसे झांबियातली. इंग्लंडचा काय संबंध? १० एप्रिल २०१९ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दावा इथे चालेल, असे ठरवले. केवळ भाग हाती आहेत म्हणून मूळ कंपनी बांधली जात नाही. पण खालच्या कंपनीच्या कारभारात ती किती लक्ष घालते, हे पाहिले पाहिजे. आपण देखरेख ठेवतो असे छापून सांगायचे आणि प्रत्यक्षात ठेवायची नाही, हेही अंगाशी येऊ शकते. शिवाय गरिबांना झांबियात एवढा मोठा खटला चालवणे जमण्यासारखे नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये, दोष कबूल न करता, कंपनीने तडजोड केली.

त्या रात्री जेवताना भाचा गप्प होता. शेवटी म्हणाला, “मामा, एक विचारू? आम्ही दर महिन्याला खाणीच्या वरचं आणि खालचं पाणी तपासतो. मी म्हटलं, ते आकडे गावातल्या शाळेच्या भिंतीवर बेम्बात लावू. मुख्य कचेरीतले वकील म्हणतात, लावू नका. उद्या तोच कागद कोर्टात येईल.”

“आणि नाही लावला तर?”

“तर काहीच होणार नाही. निदान बांध फुटेपर्यंत.”

मी कायदेपंडित नव्हे. मला आठवले ते आजोळ. डिचोलीला आजोबांचे भाताचे शेत होते. पावसात वरच्या खाणीची माती वाहून यायची आणि रोपे गाडली जायची. आजोबा रागवायचे, पण कोणावर रागवायचे, ते त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. कंत्राटदार मालकाकडे बोट दाखवी, मालक सरकारकडे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, तेव्हा आजोबा नव्हते.

“हे बघ,” मी म्हणालो, “इंग्रजीत रिस्पॉन्सिबिलिटी वेगळी आणि लायबिलिटी वेगळी. तुमचे वकील दुसरीला भितात आणि पहिली टाळतात. आपल्याकडे दोन्हींना शब्द एकच, जबाबदारी. विचारलं की जबाब द्यायचा. कागद भिंतीवर असला, तर निदान विचारायचं कोणाला, हे त्या लोकांना कळेल.”

“नोकरी गेली तर?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुसऱ्याच्या नोकरीवर तत्त्वज्ञान सांगणे सोपे असते. मी गप्प बसलो.

सप्टेंबरात त्याचे पत्र आले. २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघाने उद्योगांसाठी मानवी हक्कांची तत्त्वे मान्य केली आहेत : धोका आधी ओळखा, टाळा, तक्रारीला दार ठेवा, नुकसान झाले तर भरून द्या. ती पुढे करून तो भांडला, आणि तक्ता शाळेच्या भिंतीवर लागला. दुसऱ्याच महिन्यात एक आकडा वाईट आला. तोही त्याने लिहिला. पुढे लिहिले होते : “मामा, सारा गाव जमला. दोन तास उभा राहून जबाब देत होतो. वकिलांचं पत्र अजून आलेलं नाही, पण येईल. गळती मात्र सापडली.”

पत्र मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा ऐकले, देवापुढे ठेवले, आणि मला चिंच आणायला पाठवले.