जिन्याखालची येझदी

लालबागला आमच्या चाळीत लाकडी जिन्याखाली एक येझदी उभी असते. 1981 सालची. तिचा रंग एका शब्दात सांगता येत नाही. टाकी मरून, पुढचं मडगार्ड काळं, मागचं त्याहून जरा नवं काळं, आणि बाजूच्या पेट्या एके काळी हिरव्या असाव्यात. टाकीला डाव्या अंगाला पोचा आहे, पण तो पाडला दुसऱ्याच कुणीतरी. मूळची टाकी गंजून चाळण झाली तेव्हा गाडीच्या मालकांनी, अण्णांनी, चोर बाजारातून ही आणली, ती पोच्यासकट. सायलेन्सरची जोडी ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्याकडची. हँडल दादरला भंगारात निघालेल्या एका जावाचं. डायनॅमोचं वाइंडिंग पुन्हा करून घेतलेलं, सीट तर कितव्यांदा शिवली ते अण्णांनाही आठवत नाही.

नवा माणूस हमखास विचारतो, "अण्णा, हिच्यात ओरिजिनल काय राहिलंय?"

अण्णा म्हणतात, "मी. आणि माझाही एक गुडघा बदललाय."

अण्णा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी ही गाडी घेतली. थोड्याच दिवसांत, 18 जानेवारी 1982 ला, गिरणी संप सुरू झाला. चाळीतल्या निम्म्या घरांची कमाई थांबली. वरच्या मजल्यावरचे एक काका गिरणीच्या मेकॅनिक खात्यात टर्नर होते. त्यांनी नंतर एका गाळ्यात लेथ टाकला. येझदीच्या स्विंग आर्मचा पितळी बुश त्यांनी घडवला, तो आजही अंगात आहे. कंपनीच्या बुशापेक्षा जास्त टिकला, असं अण्णा सांगतात. काका आता नाहीत, लेथ विकला गेला, त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात.

येझदीचं घराणं जावाचं. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर मैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. 1960च्या दशकात तिथून जावा निघाल्या, 1973 पासून त्या येझदी नावानं निघू लागल्या, आणि 1996 ला कारखान्याला टाळं लागलं. म्हणजे गेली कित्येक वर्षं या गाडीला लागणारा मैसूरचा कुठलाही भाग नवा मिळालेला नाही. जे मिळालं ते मेलेल्या गाड्यांच्या अंगावरून उतरलेलं, किंवा कुणीतरी कुठंतरी घडवलेलं. 2022 मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आलं खरं, पण ती गाडी फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. दोघींत नाव सोडून काहीच सामाईक नाही. चाळीतली पोरं त्या नव्या गाडीला खुशाल येझदी म्हणतात, आणि जिन्याखालच्या हिला 'गाडी' म्हणतात.

हिला सुरू करणं येरागबाळ्याचं काम नाही. या जातीच्या गाड्यांना किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. हे सगळ्याच येझदींचं झालं. पुढचं फक्त हिचं. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, पण पुरता नाही, पुरता उघडला तर खालून गळतो. मग कार्ब्युरेटरच्या डोक्यावरचं बारीक बटण बोटानं दाबत राहायचं, पेट्रोल बोटाला लागेपर्यंत. चावी न लावता दोन किका मारायच्या, सावकाश. मग चावी, आणि तिसरी किक टाचेनं न मारता तळव्याच्या मधल्या भागानं. टाचेनं मारली तर दांडा उलटा येतो आणि नडगी फोडतो. पावसाळ्यात प्लग काढून बनियनच्या चिंधीनं पुसायचा. हिंदमाताला पाणी तुंबलेलं असेल तर गाडी काढायचीच नाही. एवढं करून ती पेटली की दोन्ही नळ्यांतून निळसर धूर येतो आणि तळमजल्यावरच्या काकू दार लावून घेतात. तिसऱ्यावरून चौथ्या गिअरला जाताना पायानं जरा थांबावं लागतं. ते थांबणं किती, हे सांगता येत नाही, पायाला कळतं.

इंजिनाची गोष्ट याहून मजेची. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि रिंगा घासून सिलिंडर झिजतो. मग गाडी 'बोअर'ला जाते. सिलिंडर आतून थोडा खरवडून मोठा करायचा आणि त्यात पाव मिलिमीटरनं मोठा पिस्टन बसवायचा. पुन्हा झिजला की आणखी पाव. मूळचा बोअर 65 मिलिमीटरचा. ही चार टप्पे चढून 66 वर आली आहे. हिशेब केला तर कारखान्यातून निघताना जवळजवळ 249 सीसी असलेली गाडी आता 256 सीसीच्या वर गेली. कागदावर ती अडीचशेचीच आहे. माणसं म्हातारपणी आक्रसतात, ही झिजून झिजून वाढली.

सरकारला यातल्या कशाशी देणंघेणं नाही. सरकारच्या लेखी गाडी म्हणजे दोन नंबर. चेसिस नंबर हँडलच्या खाली फ्रेमवर ठोकलेला, इंजिन नंबर क्रँककेसवर. गाडीची पंधरा वर्षं भरली की नोंदणी पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ताडदेवच्या आरटीओत गाडी नेली की नंबरावरची ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची, वर चिकटपट्टी लावायची आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. आकडे हळूहळू उमटतात. पट्टी काढून अर्जावर चिकटवली की गाडीची ओळख पटली.

म्हणूनच क्रँककेसला एकदा तडा गेला तेव्हा ही गाडी सांभाळणाऱ्या परळच्या मिस्त्रींनी क्रँककेस बदलला नाही. दुसरा मिळत होता, स्वस्तात. पण त्यावर दुसऱ्या गाडीचा नंबर. मग कागदपत्रं आणि फेऱ्या. त्यांनी तडा वेल्डिंग करून आणला, घासून सपाट केला आणि इंजिन पुन्हा बांधलं. ती वेल्डिंगची फुगीर रेघ खाली वाकून पाहिल्यावर दिसते. गाडीतलं बाकी सगळं बदललं जात असताना फ्रेम आणि क्रँककेस हे दोन तुकडे केवळ नंबरांपायी जपले गेले. आता नंबरप्लेटही नवी झाली. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची, म्हणून 'एमएच' येण्याच्या आधीचा तो जुना नंबर आता होलोग्रामच्या चकचकीत पाटीवर आला आहे. पण नंबरावर तरी किती भिस्त ठेवायची? चोरीच्या गाडीवर दुसऱ्याचा नंबर ठोकून देणारे हात काही कमी नाहीत.

भाग बदलत गेले तरी गाडी तीच कशी, हे कोडं जुनं आहे. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांमुळे 'रथ' हे नाव पडलं, नावाखाली वेगळी वस्तू नाही. परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षं राहिलेल्या बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला मिलिंदाचं नाव दिलं आणि परिसराला नागसेनाचं. राजा आणि भिक्खू, दोघांचीही आठवण तिथं शेजारी शेजारी आहे.

लालबागकराला मात्र इतक्या लांब जायला नको. आमचा गणपती, लालबागचा राजा, 1934 पासून बसतो. मूर्ती दर वर्षी नवी, आणि दर वर्षी गिरगाव चौपाटीला तिचं विसर्जन होतं. तरी पुढच्या भाद्रपदात 'यंदा दुसरा राजा आलाय' असं कुणी म्हणत नाही. जागा तीच, चेहरा तोच, घडवणारं घराणं तेच, आणि ओळखणारी माणसं तीच. येझदीचंही तसंच चाललं आहे. जागा जिन्याखालची. हात परळच्या मिस्त्रींचा, जे आता डोळ्यांमुळे पोराकडून पॉइंट घासून घेतात, पण टायमिंग कानानं स्वतःच लावतात. आणि ओळखणारे आम्ही, जे माडीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगतो की अण्णा आले, की अण्णांचा मुलगा गाडी घेऊन आला.

मुलाच्या मनात आता गाडी रिस्टोअर करायचं आहे. पोचा ठोकून काढायचा, मूळचा रंग मारायचा, रिमना क्रोम करायचं. त्याचा एक मित्र या कामात आहे. सरकारची व्हिंटेज नोंदणीही आहे, 2021 च्या नियमांनी आलेली, पण ती पन्नाशी उलटलेल्या आणि चेसिस-इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांसाठी. हिची पन्नाशी 2031 ला आहे. त्या कागदांशी ही कितपत जुळेल कोण जाणे.

माझं मत विचाराल तर करू नये. मैसूरहून निघाली तेव्हा ही इतर हजारो येझदींसारखी एक होती. मोडत, जुळत, उसनं घेत ती वेगळी होत गेली. टाकीचा पोचा, टर्नर काकांचा बुश, केसवरची रेघ आणि किकेचा तो नेम, एवढीच तिची स्वतःची कमाई. रंगवून चकचकीत केली की ती छानच दिसेल, पण पुन्हा सगळ्यांसारखी दिसेल.

तुम्ही जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर आरसी पाहा, दोन्ही नंबर पेन्सिलीनं छापून ताडून घ्या. मग मालकाला सांगा, माझ्यासमोर सुरू करून दाखवा, आणि तो काय काय करतो ते नीट बघून ठेवा. आणि तिच्या मिस्त्रीचा पत्ता घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.