विमानतळाची रेघ आणि आपले शेत

विमानतळावर लिहायला बसलो आहे म्हटल्यावर तुमच्यापैकी काहीजण हसतील. एस.टी. वेळेवर आली तरी आपण देवाचे आभार मानतो, आपल्याला विमानाशी काय करायचे आहे? पण थोडे थांबा. शहरातल्या माणसाला विमानतळ तिकीट काढताना दिसतो. आपल्याला तो त्याच्या कितीतरी वर्षे आधी दिसतो. तो आपल्याकडे नकाशावरची रेघ होऊन येतो, आणि ती रेघ कुणाच्या तरी गट नंबरावरून जाते. म्हणून हा विषय जितका प्रवाशांचा, तितकाच आपलाही आहे.

आधी हे प्रकरण असते कसे ते समजून घेऊ. आपण खळ्यावर उफणणी करतो तेव्हा वारा कुठून येतो ते पाहून वावडी मांडतो. विमानालाही वाऱ्याचा असाच विचार करावा लागतो. ते वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. त्यामुळे त्या भागातला बारा महिन्यांचा वारा बघून धावपट्टीची दिशा धरतात. एकदा दिशा धरली, की पट्टी थोडी इकडे सरकवा, थोडी वाकवा, असे म्हणता येत नाही. पट्टी सरळच हवी. साठ-सत्तर माणसांच्या लहान विमानालाही सव्वा-दीड किलोमीटर लागते, मोठ्या विमानाला दोन किलोमीटर आणि त्याहून अधिक. मधे कुणाची विहीर आली, पांदण आली, देवाचा माळ आला, तर पट्टी वळण घेत नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विमानतळ कुंपणापाशी संपत नाही, तो आकाशातही असतो. विमान तिरपे उतरते, म्हणून पट्टीच्या टोकापुढची हवा मोकळी लागते. साधारण नियम असा, की मोठ्या पट्टीच्या टोकापासून दर ५० मीटर पुढे गेले की १ मीटर उंचीची मुभा. म्हणजे १ किलोमीटरवर २० मीटर, आपल्या उंच नारळाच्या झाडाएवढी. पट्टीच्या अवतीभवतीही साधारण ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटरच्या वर काही उभे करायचे झाले तर अडचण येते. उंच बांधकामासाठी विमानतळ खात्याचा ना-हरकत दाखला घेण्याची अट तर २० किलोमीटरपर्यंत लागू होऊ शकते. जमीन आपल्या नावावर, सातबारा आपला, पण वरची हवा मोजलेली, असा हा हिशेब आहे.

ही हवेतली रेघ किती खरी असते, ते आम्ही सोलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले. होटगी रस्त्यावर आमचा जुना लहान विमानतळ. जवळच सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. कारखान्याने उसाच्या भुश्श्यावर वीज तयार करण्याचा प्रकल्प केला आणि त्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी उभी राहिली. लहान गावे विमानाने जोडण्याची केंद्र सरकारची ‘उडान’ योजना २०१६ साली जाहीर झाली. २०१७ च्या पहिल्याच यादीत सोलापूरचे नाव होते, पण विमान काही येईना. चिमणी आड येते, असे एका बाजूचे म्हणणे. चिमणी पाडली तर गाळपाचे काय, हजारो सभासदांच्या उसाचे काय, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १५ जून २०२३ रोजी ती चिमणी स्फोटके लावून पाडण्यात आली.

त्या दिवशी आमच्या भागात दोन प्रकारची माणसे होती. काहीजण टाळ्या वाजवीत होते, तर काहीजण डोळ्याला उपरणे लावून बसले होते. मजा म्हणजे एकाच घरात दोन्ही प्रकार होते. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याला विमान हवे. बापाचा ऊस उभा, त्याला कारखाना हवा. मी दोघांपैकी एकालाही वेडा म्हणणार नाही.

पुढे २९ सप्टेंबर २०२४ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले. ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुरू झाले आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईचे. पहिल्या यादीत नाव आल्यापासून पहिले विमान उडेपर्यंत आठ वर्षे गेली. तीही जुनी धावपट्टी तयार असताना.

शहरापलीकडे बोरामणीला नवा, मोठा विमानतळ करायचा बेत त्याच्याही आधीचा. त्यासाठी ५०० हेक्टरांहून अधिक जमीन संपादन झाली. मधली थोडी वनजमीन मिळण्याचा प्रश्न अडून राहिला. २०२५ पर्यंत तिथे धावपट्टी झालेली नव्हती. घेतलेली जमीन आणि न झालेला विमानतळ यांच्यामधे दीड दशकाहून अधिक काळ गेला. दीड दशक म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. तेवढ्या काळात बांधावर लावलेले आंब्याचे रोप झाड होऊन पाडाला येते.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, सासर दुसऱ्या जिल्ह्यात आहे. तिच्या गावाजवळही विमानतळाची आखणी झाली होती. गावाचे नाव घेत नाही, कारण अशी गावे एक नाही, अनेक आहेत. अक्का आणि दाजी यांनी त्या साली दोन एकर डाळिंब लावायचे ठरवले होते. दोन-दोन फुटांचे खड्डे खणून झाले होते, उन्हात तापत ठेवले होते, शेणखत बांधावर येऊन पडले होते. आणि मोजणीवाले आले. त्यांनी दोन दगड रोवले, एक विहिरीपाशी, एक गोठ्यामागे. कागद काही दिला नाही. “तुमचा गट जाणार असं दिसतंय,” एवढेच बोलून ते गेले.

मग काय झाले, ते नीट ऐका. डाळिंब लावले नाही, कारण बाग धरायला तिसरे वर्ष लागते आणि तोवर जमीनच राहणार नाही असे वाटले. विहीर पाच परस खोल करायची होती. बँकेत गेले तर साहेबांनी हात जोडले, जाणाऱ्या जमिनीवर लांब मुदतीचे कर्ज कसे देऊ म्हणाले. घराचे पत्रे बदलायचे होते, तेही राहिले. भाच्याला मुली सांगून येत, पण मुलीकडचे आधी विचारीत, “जमीन राहणार का जाणार?” याला अक्का काय उत्तर देणार? जमीन राहणार म्हणावे तर दगड रोवलेले, जाणार म्हणावे तर पैसा हातात नाही. खणलेले खड्डे पावसाने आपोआप बुजले. दरवर्षी त्यावर हरभरा नाहीतर ज्वारी होत राहिली.

अशी नऊ वर्षे गेली. नवव्या वर्षी मी अक्काबरोबर तालुक्याला गेलो. एका कार्यालयात तीन टेबले हिंडल्यावर एका कारकुनाने नकाशा उलगडला आणि सहज म्हणाला, “अहो, ती जागा केव्हाच बदलली. रेघ आता ओढ्यापलीकडून गेली.” केव्हा बदलली, विचारले तर त्याला सांगता येईना. अक्काच्या घरी कुणी कळवायला आले नव्हते, पत्रही नव्हते.

बाहेर आल्यावर मी आनंदाने म्हटले, “अक्का, जमीन वाचली. पेढे घेऊ या.”

अक्का कट्ट्यावर बसली. म्हणाली, “घे बाबा पेढे. पण माझी नऊ वर्षं कुणाच्या सातबाऱ्यावर चढली, तेवढं त्या साहेबाला विचारून ये.”

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. जमीन गेली तर तिचा भाव ठरतो. झाडे, विहीर, घर यांची किंमत धरतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याच्या जोडीला तेवढीच दिलासा रक्कम आहे, पुनर्वसनाची तरतूद आहे. पण जमीन न जाता नुसती वर्षे गेली, तर त्याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही. आणि रेघ ओढ्यापलीकडे गेली म्हणजे ती कुणाच्या तरी शेतातूनच गेली. तिथेही कुणाचे खड्डे खणलेले असतीलच.

यावर कुणी म्हणेल, मग विमानतळ नकोतच का? मी तसे म्हणत नाही. शिर्डीचा विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि चालला, कारण तिथे येणारा माणूस ठरलेला आहे. सोलापूरच्या मुलाला मुंबईचे काम उरकून लवकर घरी येता आले, आजाऱ्याला मोठ्या डॉक्टरकडे वेळेत नेता आले, तर ते चांगलेच आहे. पण नुसती पट्टी झाली म्हणजे विमान येते असे नाही. लातूर, धाराशिव, यवतमाळ येथे धावपट्ट्या आहेत, तरी २०२५ सालीही तिथे नियमित प्रवासी सेवा नव्हती. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात ‘उडान’चा हिशेब मांडला आहे. पहिल्या तीन फेऱ्यांतल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले. सवलतीची तीन वर्षे पुरी करणारे ११२ निघाले. आणि सवलत संपल्यावरही टिकून राहिलेले मार्ग होते ५४. सरकार तूट भरून देते तोवर विमान उडते आणि तूट भरणे थांबले की बहुधा तेही थांबते, असा याचा अर्थ.

“माल परदेशी जाईल” हे वाक्यही आपल्याला फार ऐकवतात. त्याचीही पारख करावी. आपली द्राक्षे युरोपात जातात ती मुख्यतः शीतपेटीत भरून जहाजाने, न्हावाशेवा बंदरातून. विमानाचे भाडे सोसते ते फुलांसारख्या हलक्या, नाजूक आणि भाव असलेल्या मालाला. त्यासाठी गावाजवळ शीतगृह हवे, प्रतवारीची सोय हवी, तपासणीचा दाखला तिथेच मिळायला हवा. सत्तर माणसांच्या विमानाच्या पोटात प्रवाशांच्या पेट्या ठेवल्यावर मालाला जागा उरते किती? तेव्हा असे वाक्य कुणी बोलले, तर कोणता माल, किती टन, कोणत्या विमानाने, हे शांतपणे विचारावे.

तुमच्या गावावरून अशी रेघ जायची वेळ आली, तर भांडायच्या आधी ग्रामसभेत काही गोष्टी विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा. गट नंबरांची यादी कोणती आणि ती कोणत्या तारखेची? संपादन कोणत्या कायद्याने होणार? २०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणामांची तपासणी आहे. सरकार आणि खाजगी कंपनी यांचा भागीदारीचा प्रकल्प असेल, तर ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. औद्योगिक विकासाच्या १९६१ च्या कायद्याने जमीन घेतली तर रीत वेगळी. २०१३ च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेपासून १२ महिन्यांत पुढची घोषणा व्हावी, आणि घोषणेपासून १२ महिन्यांत निवाडा व्हावा, अशी मुदत आहे. सरकार ती वाढवू शकते, पण कारण लिहून. मात्र अधिसूचना निघण्याआधी नुसत्या दगडांना आणि तोंडी बोलण्याला मुदतच नाही. अक्काची नऊ वर्षे तिथेच गेली. म्हणून दगड रोवला त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा टाका.

पाण्याचेही विचारा. २१०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद डांबरी पट्टीवर १० सेंटीमीटर पाऊस पडला, तर सुमारे ९४ लाख लिटर पाणी जमते. आज ते जमिनीत मुरते. उद्या ते कोणत्या ओढ्यात सोडणार, त्या ओढ्याकाठी कुणाची शेते आहेत, पांदण तुटली तर बैलगाडीने आणि ट्रॅक्टरने कुठून जायचे, हे नकाशातच दाखवायला लावा.

आणि घरातल्या बायकांना त्या सभेला न्या. सातबाऱ्यावर नाव दाजींचे असेल, पण खड्डे बुजताना पाहिले ते अक्काने. ती विचारील तो प्रश्न साहेबांच्या तक्त्यात नसेल. म्हणूनच तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, आणि खाली तिची सही घ्या.