गवतातले पाऊल

गवताचे चित्र काढणे अवघड नाही. हिरव्याच्या तीन छटा आणि आठ-दहा उभ्या रेघा एवढ्या सामग्रीत व्हिडिओ खेळाच्या पडद्यावर कुरण उभे राहते. अवघड असते ते त्या गवताला पावलाची जाणीव देणे. चित्रातला मुलगा पुढे सरकला आणि गवत तसेच राहिले, तर तो गवतातून नव्हे, गवताच्या चित्रावरून चालतो आहे हे खेळणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते. ठिपक्याला ठिपका जोडून चित्र घडवणाऱ्या पिक्सेल कलेत तर लपवाछपवीला जागाच नसते.

या प्रश्नाचे एक विलक्षण काटकसरी उत्तर जपानमध्ये सापडले. सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा भागात किडे पकडण्यात गेले. पुढे तेथील मोकळ्या जागा इमारतींनी व्यापल्या. शहरातल्या मुलांना गवतात काहीतरी गवसण्याचा आनंद पुन्हा मिळावा, ही इच्छा त्यांच्या 'पोकेमॉन' या खेळामागे होती. १९९६ साली तो 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला. पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा आणि छटा अवघ्या चार. त्या खेळात पाणी हलते, फुले हलतात. उंच गवत मात्र निश्चल असते. तरीही मुलगा त्यात शिरला की तो खरोखरच आत गेल्यासारखा वाटतो. युक्ती एवढीच, की त्याच्या आकृतीचा खालचा अर्धा भाग गवताच्या मागे टाकलेला असतो आणि गवतातल्या सर्वांत फिकट ठिपक्यांमधून तेवढा तो दिसत राहतो. पाते हलत नाही, पाय झाकला जातो. पुढच्या पिढीला यंत्रांनी पुष्कळ अधिक दिले. पण इतक्या थोडक्यात इतके साधणे पुन्हा क्वचितच जमले असेल.

आजचा कारागीर पाते हलवतो. मूळ जागेवर ठेवायचे, मधली ओळ एक ठिपका सरकवायची, शेंडा दोन ठिपके. झाले, पाते लवले. पाऊल पुढे गेले की ते सरळ होते, पण एकदम नाही. ते आधी विरुद्ध बाजूला झुकते, मग परत येते, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत थांबतो. शेजारचा ठोंब किंचित उशिराने हलावा लागतो. सगळे ठोंब एकाच वेळी वाकले तर कुरणाची कवायत होते, आणि हा दोष भल्याभल्या खेळांतही डोळ्यांत खुपतो. काही जण कष्ट वाचवण्यासाठी अख्खा ठोंबच बुंध्यापाशी तिरपा फिरवतात. त्याने चौकोनी ठिपके वाकडे होतात आणि शुद्धतावाद्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

एरिक बॅरोन यांनी सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या खेळात ठोंब असेच तिरपे होतात. तिथे कपाळाला आठ्या घालाव्यात असे मात्र वाटत नाही. कारण ते गवत केवळ अंगाला घासणारे गवत नाही. ते रातोरात शेजारच्या मोकळ्या मातीत पसरते, कापले तर वैरण होते. खऱ्या माळावर रोज त्याच वाटेने गेले की गवत मरते आणि मळलेली पायवाट उरते. या गवतावरून शंभरदा गेले तरी ते पुन्हा उभे राहते. पावलांनी त्याचे काही बिघडत नाही. त्याचे बिघडते ते गुरांमुळे. शेवटचा ठोंबही त्यांनी खाल्ला तर पसरायला मूळच उरत नाही. म्हणून खेळणारे एक उपाय करतात. गवत संपत आले, की ते एखाद्या ठोंबावरच कुंपणाचा खांब रोवून ठेवतात. गुरे त्याला तोंड लावू शकत नाहीत, आणि खांबाखालचे ते गवत दुसऱ्या दिवशी पुन्हा चहूकडे पसरू लागते.