पळसाचा शेंदरी

फाल्गुनात भंडाऱ्याकडे बांध्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे धानखाचरांच्या बांधांवर, पळस फुलतो तेव्हा लोक म्हणतात, पळस पेटला. मला मात्र त्यात ज्वाळेपेक्षा मखमल जास्त दिसते. कळीचा पेला काळपट तपकिरी, बोटाला मऊ लागणारा. पाकळीवर बारीक रुपेरी लव. ती लव असल्यामुळेच फूल उन्हात झळकतं. नुसता शेंदरी फासला की चित्र कॅलेंडरचं होतं. शिवाय जलरंग ओला असताना भडक दिसतो आणि वाळला की उतरतो, म्हणून मी पहिला हात पिवळ्याचाच देतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात (1795 पासून) पळस आहे. त्यातली चित्रं इथल्याच चितारींनी काढलेली. वनस्पतीला लॅटिन नाव मिळालं, चितारी मात्र बहुतेक निनावी राहिले. हे मला खटकतंच.

सारस रंगवण्याचं गणित वेगळं. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात ते आता मोजकेच उरलेत. माणसाएवढा उंच पक्षी, पण चिखलणीच्या बांधीत उभा राहिला की लांबून राखाडी खुंटच वाटतो. बहुतेक चित्रांत त्याचं अख्खं डोकं लाल रंगवतात. प्रत्यक्षात टाळू राखी असते, लाल कातडी तिच्याखालून मानेपर्यंत. आणि पाय गुलाबी! बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठी दुर्बीण लावून बसल्याशिवाय हे कळत नाही. फोटोवरून चित्र काढणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण फोटोत सावली काळी येते. धानाच्या बांधीत ती हिरवी असते.